भिंतीवरचा ताड

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात दुमिंग मास्तरांनी उत्तन गावाचा नकाशा काढून शाळेच्या भिंतीवर लावला, तेव्हा तो पाहायला होडीचा तांडेल इनास मुद्दाम वेळ काढून गेला. कौतुक करायला गेला नव्हता. गावात काही नवं झालं की ते कुठे चुकलंय हे सांगण्याची जबाबदारी त्याने कोणी न देता अंगावर घेतली होती, आणि ती तो निष्ठेने पार पाडत असे.

नकाशा मेणकापडावर होता. समुद्र निळ्या शाईचा, शेतं हिरवी, विहिरी म्हणजे टिंबं, आणि देवळाच्या जागी क्रूस. उत्तनचे किरिस्ताव चर्चला देऊळच म्हणतात. पाद्रींनी पुष्कळदा सुधारूनही म्हणतात. इनासने हात मागे बांधून नकाशा वरून खाली आणि खालून वर पाहिला.

"मास्तर, दर्या डाव्या हाताला का टाकलात?"

"पश्चिम डावीकडेच येते, इनासबाबा. नकाशात उत्तर वर धरतात."

"म्हंजे वसई वर?"

"वर."

"वसई काय डोंगरावर हाय? आमी पाण्याने जातोय. सरळ जातोय. चढ लागत न्हाय कुठं."

मागची मंडळी हसली. मास्तरही थोडं हसले, कारण न हसणं अधिक महाग पडलं असतं. मग त्यांनी समजावून पाहिलं की आपण घारीसारखे आभाळात आहोत असं मानायचं आणि खाली बघायचं.

"मी घार न्हाय, तांडेल हाय," इनास म्हणाला. "घारीला मासे पकडायला कुणी खुणा सांगत न्हाय." आणि शाळेबाहेर पडला. हा त्याचा विजय गावाने आठवडाभर वापरला. मास्तरांचा नकाशा पुढे तिथेच राहिला. वाळवी लागेपर्यंत त्याच्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

इनासची चूक होती असं म्हणवत नाही. उत्तनमध्ये डावं आणि उजवं हे शब्द होते, पण ते क्रूसाची खूण करायला आणि बैल जुंपायला लागत. एरवी गावाला चार अंगं होती: वसई अंग, गोराई अंग, दर्या अंग आणि डोंगर अंग. माणूस कुठेही तोंड करून उभा असो, ही अंगं हलत नसत. ताटातला भात जरा गोराई अंगाला सरकव, असं बाया पोरांना सांगत. इनासचा गुडघा दुखे तेव्हा तो वैदूला म्हणे, वसईकडचा. आणि वैदू त्याला उलट बाजूला वळवून बसवी तेव्हा त्याच गुडघ्याला गोराईकडचा म्हणे. ह्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. जग जागेवर होतं, माणसंच तेवढी वळत होती.

समुद्रावर तर ह्याच्यावरच पोट चाले. किनाऱ्यापासून दूर, चिखलाच्या तळात लांबलचक खुंट ठोकायचे आणि त्यांना पिशवीसारखं डोलजाळं बांधायचं, भरती-ओहोटीने मासळी आपसूक आत यायची, अशी ती मासेमारी. खुंट मारायची ज्या घराची जी जागा तिला कव म्हणायचं. कवी एकीला लागून एक होत्या. पावसाळ्यात दर्या दोर, तरंगते तरांडे सगळं घेऊन जाई आणि हंगाम उघडताना पाण्यावर कुणाचंच नाव नसे. तेव्हा आपली कव शोधायची ती किनाऱ्याकडे पाहून. इनासच्या, म्हणजे बोर्जिसांच्या घरची खूण अशी होती: देवळाचा मनोरा पुढे, डोंगरीवरचा एकटा ताड त्याच्या मागे, हात लांब करून बोट धरावं, आणि ताडाच्या वसई अंगाला बोटभर अंतरावर मनोऱ्याचा क्रूस दिसला की आपण आपल्या कवीवर आहोत. पाणी किती वाव खोल ते सगळ्यांनाच ठाऊक असे. गुपित होतं ते एवढ्या एका वाक्याचं.

हे वाक्य बापाने मुलाला सांगायचं, ते पाण्यावर, होडीत, फक्त तोंडाने. जमिनीवर सांगितलं तर खूण विटते असा समज होता. इनासला ते त्याच्या बापाने सांगितलं होतं. इनास ते लुईसला सांगणार होता. लुईस त्याचा एकुलता एक. दरवर्षी हंगाम उघडताना सेलीन, इनासची बायको, विचारी, "ह्या वर्षी सांगशील त्याला?" आणि इनास म्हणे, "पुढच्या." खूण सांगणं म्हणजे आपण म्हातारे झालो हे कबूल करणं, आणि कबूल करणं हा इनासचा स्वभाव नव्हता. होडीवर तो खलाशांना जाळ्याकडे तोंड करून बसवी आणि किनाऱ्याकडे एकटा बघे. खलाशी म्हणत, तांडेल लग्नातल्या नवरीसारखा लपूनछपून बघतोय. त्याला ते ऐकू येई. त्याचंही त्याला बरंच वाटे.

मग लढाई आली. एक्केचाळीस साली लुईस मुंबईला जाऊन आगबोटीवर लागला, पुढच्या वर्षी ती आगबोट त्याच्यासकट बुडाली, आणि कंपनीचा एक घामाघूम माणूस भाईंदर स्टेशनापासून चालत येऊन तसं सांगून गेला. त्याला जायची घाई होती. याच गावात असंच सांगायचं अजून एक घर होतं. इनासचे जुने खलाशीही गोदीत कामाला गेले. हंगाम त्याने भाड्याच्या माणसांवर काढला. तो फार बोलू लागला. देवळात, विहिरीवर, जाळी सुकवायच्या वाळूवर, जिथे जाईल तिथे तो कुणाचं काय चुकलंय ते सांगत राहिला; आणि त्रेचाळीसच्या पावसाळ्यात एका सकाळी पेजेचं ताट पुढे असताना त्याचं उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं. गाव ज्या तोंडाला कंटाळलं होतं ते बंद झालं. गावाला थोडे दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

आतला इनास मात्र होता तसाच होता. ही गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. वाक्यं पूर्ण, धारदार, तोंडापर्यंत येत आणि तिथून 'आ' होऊन बाहेर पडत. मान हलायची, पण हो म्हणायचं असो की नाही, ती एकाच तऱ्हेने हलायची. सेलीनने खात्री करून घ्यायला विचारलं होतं, "तू रोमचा पोप हायस?" इनासने ठाम मान डोलावली. सेलीनने पदराने डोळे पुसले आणि त्याला पुन्हा काही विचारलं नाही.

पण कव विचारणं भाग होतं. घरात आता तेवढंच होतं. जमातीचा, म्हणजे गावच्या मच्छीमारांच्या पंचायतीचा, नियम साधा होता: हंगाम उघडल्यावर ज्या कवीत खुंट पडला नाही ती जमातीची. आणि दुसऱ्याच्या कवीत ज्याने खुंट मारला त्याने आपली सोडली. इनासचा पुतण्या पायस भाईंदरच्या मिठागरात कामाला होता. सेलीनने निरोप धाडला तसा तो आला. पायस भला माणूस होता आणि भल्या माणसांसारखाच घाईचा. होडी डांबरली, माणसं गोळा केली, आणि मग येऊन खाटेजवळ उभा राहिला.

"काका, कव कुठं हाय आपली?"

इनासने तोंड उघडलं. वाक्य संपूर्ण, बापाच्या आवाजात, आलं. बाहेर पडलं ते ऐकून पायस खाली बघू लागला.

"पास्कूच्या बाजूला हाय येवढं मना ठाव हाय," सेलीन म्हणाली. पास्कू डाबरे त्यांचा दर्यातला शेजारी. "बाजूला म्हंजे कुठल्या, ते हा कधी बोलला न्हाय. मी बाईमाणूस. मना सांगून खूण बाटली असती."

सगळ्यांच्या आधी ते सेलीनलाच सुचलं. तिने चुलीतला एक कोळसा उचलून इनासच्या डाव्या हातात दिला.

इनासने कोळशाकडे पाहिलं. घार न्हाय, तांडेल हाय, हे त्याचं स्वतःचं वाक्य त्याला आठवलं. आठवण शाबूत असण्याचे तोटेही असतात. खूण जमिनीवर, त्यात ती चितारून, त्यात बायकोसमोर. त्याचा बाप ह्याला माणूस म्हणाला नसता. पण वरच्या पत्र्यावर पाऊस कमी होत चालला होता, आणि पाऊस कमी होणं म्हणजे काय ते त्या घरात मांजरालाही कळत होतं. खाट दर्या अंगाच्या भिंतीला लावलेली होती. सेलीनने त्याला कुशीवर वळवलं.

त्याने डोळे मिटले आणि तो होडीत गेला. खलाशी जाळ्याकडे तोंड करून बसले. त्याने किनाऱ्याकडे पाहिलं: डोंगरी, ताड, मनोरा. मग डोळे उघडून जसं दिसलं तसं काढलं. आधी डोंगराची रेघ, तिच्यावर ताड, वर चार झावळ्या. मग ताडाच्या वसई अंगाला, म्हणजे होडीतून पाहताना ज्या बाजूला वसई असते त्या डाव्या बाजूला, बोटभर जागा सोडून मनोरा आणि त्यावर क्रूस. डाव्या हाताने, आयुष्यात कधी चित्र न काढलेल्या माणसाने काढलेलं ते चित्र इतकं स्पष्ट होतं की सेलीन म्हणाली, "ह्यो तर आपलाच ताड." इनास थकून उशीवर पडला. नकाशा म्हणजे काही फार नव्हे, असं त्याला वाटून गेलं. मास्तर उगाच भाव खात होता.

पायस संध्याकाळी आला. भिंतीपुढे उभा राहिला, ओठ हलवत पाहत राहिला. त्या भिंतीची एक बाजू गोराईकडे होती, जिकडे स्वयंपाकाचं दार; दुसरी वसईकडे, जिकडे माउलीची तसबीर. क्रूस होता तो दाराच्या बाजूला. ह्यात वाचायचं काय होतं? उत्तनमधल्या कुठल्याही माणसाने जे वाचलं असतं तेच पायसने वाचलं.

"ताडाच्या गोराई अंगाला क्रूस," तो म्हणाला. "बोटभर." मग पाठ करायला म्हणून पुन्हा, मोठ्याने, "गोराई अंगाला, बोटभर. काकी, तू पण ध्यानात ठेव."

इनासने ते ऐकलं. पहिल्यांदा त्याला पायसचा राग आला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. भिंत दर्याकडे होती. तो होडीतून डोंगराकडे पाहत होता आणि त्याचं चित्र दर्याकडे टांगलेलं होतं. चित्रातली वसई गोराईत जाऊन बसली होती. बापाचं वाक्य शंभर वर्षं कुठूनही ऐकलं तरी तेच होतं. त्याच्या चित्राने एका संध्याकाळीत पाठ फिरवली.

तो ओरडला. "आ, आ."

"ऐकतोय तो," सेलीन म्हणाली. "बरोबर हाय म्हणतोय."

मान हलली. हलायची तशीच हलली.

तेव्हा इनासने उरलंसुरलं सगळं बळ डाव्या हातात आणलं, भिंतीवर पंजा मारला आणि घासलं. ताड गेला, मनोरा गेला, क्रूस गेला. पांढऱ्या भिंतीवर काळा ढग राहिला. तो पायसकडे पाहत होता. पुसलं म्हणजे चुकलं. जगात कुठेही, शाळेच्या पाटीवरसुद्धा, पुसणं म्हणजे चुकणं. पायसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस काकी? अजून तसाच हाय काका," तो म्हणाला. "मी वाचली तशी पुसून टाकली. जमिनीवर ठेवायची न्हाय ना खूण." आणि वाकून त्याने इनासच्या काळ्या पंजाचं चुंबन घेतलं. जाताना त्याच्या ओठांना कोळसा लागलेला होता.

ज्या माणसाने जन्मभर खूण लपवली, त्याने ती पुसली तर दुसरा कुठला अर्थ काढायचा? पायसला दोष देता येत नाही. इनासही, प्रामाणिकपणे पाहिलं तर, देऊ शकला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी कोळशासाठी हात पुढे केला. सेलीनने तो हात धुऊन पुसून परत गोधडीत ठेवला.

होड्यांना आशीर्वाद द्यायला पाद्री वाळूवर आले, बँड वाजला, होड्या पाण्यात गेल्या. खाटेवरून हे सगळं ऐकू येत होतं. पायस सर्वांच्या आधी निघाला होता, घाईचा माणूस. दोन दिवसांनी तो मासळीची पाटी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुजी कव म्हंजे सोनं हाय." इनासने चेहरा भिंतीकडे केला.

तिसऱ्या दिवशी पास्कू डाबरे दारात आला. आत आला नाही. पास्कू बुटका, हळू बोलणारा माणूस होता, आणि हळू बोलतोय म्हणजे प्रकरण वाढणार हे गावाला ठाऊक होतं.

"सेलीनबाय, तुमच्या घरात एक मुका आन एक आंधळा हाय का?"

"काय झालं, पास्कू?"

"माझ्या कवीत तुमचे खुंट हायत. नवे, चांगले ठोकलेले. मी काढले न्हाय. जमात काढेल."

"चित्रात तसंच होतं," पायस आतून म्हणाला.

"चित्रात?" पास्कू म्हणाला. त्याने भिंतीवरच्या काळ्या ढगाकडे पाहिलं. "ह्यात माझी कव कुठं हाय, दाखव बघू."

जमात रविवारी मिसानंतर देवळापुढच्या मैदानात, वाळूवर बसली. जुझे पाटील मधोमध. त्यांचे डोळे अधू झाले होते, त्यामुळे ते फार नीट ऐकत. इनासला खुर्चीत बसवून चौघांनी आणलं आणि मानाने दर्याकडे तोंड करून ठेवलं. दुमिंग मास्तर कडेला उभे होते. शाळेचा माणूस म्हणून त्यांना जमातीत बोलायचा हक्क नव्हता, पण उभं राहायची बंदी नव्हती.

"जुनी रीत अशी हाय," पाटील म्हणाले, "की कवीची खूण धन्याने तोंडाने सांगायची, माझ्या कानात. बापाने सांगितली तशी. अडखळला तर गेली. इनास, सांगतोस?"

इनासने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तो बोलू शकत न्हाय, पाटीलबाबा," पायस म्हणाला. "पण काढून दाखवील. परत काढ, काका. सगळ्यांपुढे काढ."

कुणीतरी इनासच्या डाव्या हातात काठी दिली. इथे इनासपुढे प्रश्न उभा राहिला, आणि तो सोडवण्यात त्याने सगळ्या गावापेक्षा जास्त वेळ घातलेला होता. खाटेवर दुसरं करायला काय होतं. होडीतून काढावं तर हे सगळे पुन्हा उलटं वाचणार. आता त्याला कळलं होतं. चित्र काढायचं ते जिथून आपण पाहतो तिथून नव्हे. जिथे बघणारा उभा आहे तिथून. तो दर्याकडे तोंड करून बसला होता, लोकही तसेच मागे उभे होते, वसई उजव्या हाताला होती. त्याने वाळूत ताड काढला आणि ताडाच्या उजव्या अंगाला, वसई अंगाला, बोटभर अंतर सोडून क्रूस काढला. काठी टेकून त्याने मान वर केली. आयुष्यात त्याने एवढी नीट गोष्ट दुसऱ्याच्या सोयीने कधी केली नव्हती.

कुजबूज झाली.

"ह्यो तर क्रूस वसई अंगाला हाय," पास्कू म्हणाला.

"भिंतीवर दुसऱ्या अंगाला होता," पायस म्हणाला. तो भला माणूस होता. विचारलं नसतानाही खरं बोलला. "मी बघितला. काकीने बी बघितला."

"सेलीन?" पाटील म्हणाले.

सेलीन देवळाच्या पायरीवर बायकांत बसली होती. "दाराच्या बाजूला होता," ती म्हणाली. "गोराईकडे."

तेव्हा दुमिंग मास्तर न राहवून पुढे आले. "पाटीलबाबा, माफ करा. त्याने भिंतीवर काढलं ते समुद्रावरून पाहिल्यासारखं. ह्यांनी वाचलं ते जमिनीवरून. चित्र एकच, पण बघायची जागा फिरली की बाजू फिरते. आत्ता त्याने ती चूक सुधारलीय."

पाटलांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "आत्ता कुठून काढलंय म्हणता?"

"जमिनीवरून."

"का?"

"कारण चूक कुठे झाली ते त्याला कळलंय."

"किंवा पास्कूची कव कुठं हाय ते त्याला कळलंय," पाटील शांतपणे म्हणाले. "मास्तर, मी वाईट बोलत न्हाय. तांडेलाला मी पोरपणापासून वळखतोय, खोटारडा न्हाय तो. पण काल एका अंगाला होता तो क्रूस आज दुसऱ्या अंगाला गेला, हे तुमीच सांगताय. तोंडाने सांगितलेली खूण मी आंधळा झालो तरी तीच ऐकीन. तुमच्या ह्या खुणेला बघणारा कुठं उभा होता ते आधी विचारायला लागतं. आन ते ज्याला विचारायचं त्याला बोलता येत न्हाय."

मास्तरांनी वाळूत अजून एक आकृती काढली, बाण काढले, एका बाणावर 'बघणारा' असं लिहिलं. चारपाच माणसं ती बघायला पुढे आली आणि त्यांच्या पायांखाली मधला ताड गेला. समजून घेणारं कोणी नव्हतं असं नाही. एका माणसाला समजत होतं, अगदी शेवटच्या बाणापर्यंत. तो खुर्चीत बसला होता आणि त्याची मान हलत होती, आणि त्या मानेला गावात किंमत नव्हती. मास्तरांची आणि त्याची नजरानजर झाली. आधी मास्तरांनीच नजर काढून घेतली.

निकालाला वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या कवीत खुंट मारला म्हणून बोर्जिसांची कव सुटली, जमातीची झाली. पुढे ती चौक गावाकडच्या एका घराला गेली. त्यांनी ती हंगामभर गळ ओढत, जुने खुंट तळात चाचपत शोधून काढली आणि मग तिची खूण आपल्या पोराला सांगितली, पाण्यावर, तोंडाने. होडी वाळूवर पालथी पडून राहिली. तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. पायस मिठागरात परत गेला. सेलीन सुकट घेऊन भाईंदरच्या बाजाराला चालत जाऊ लागली. भिंतीला तिने चुना मारला, पण कोळसा चुन्यातून वर येतो. दर वर्षी मारावा लागे.

पंचेचाळीसच्या सुमाराला इनासला एक शब्द परत मिळाला. एकच. आजाऱ्याला असं होतं असं कंपाउंडर म्हणाला. कोणता शब्द येईल ते सांगता येत नाही. इनासला 'वसई' आला. तो पाण्यासाठी वसई म्हणे, मुतारीला जायला वसई म्हणे, सकाळी डोळे उघडल्यावर सेलीनला वसई म्हणे. वाक्यातला नेमका हवा होता तो शब्द, दोन वर्षं उशिरा. पाद्रींना वाटलं त्याच्या मनात वसईच्या माउलीचा नवस असेल. असा साधा अर्थ हाताशी असताना दुसरा कोण शोधणार? त्यांनीच एका होडीवाल्याला सांगून दोघांना पलीकडे न्यायची सोय केली.

सेलीन जन्मभर दर्याकाठी राहिली होती आणि दर्यावर कधी गेली नव्हती. बायकांनी होडीत बसायचं नसे. गोराईकडच्या टोकाहून होडी निघाली. खडक चुकवायला होडीवाल्याने ती चांगली दर्या अंगाला घेतली. इनासला उशीला टेकवून किनाऱ्याकडे तोंड करून बसवलं होतं. सेलीनने त्याच्या तोंडावरची लाळ पुसली आणि तो काय बघतोय म्हणून मागे पाहिलं.

डोंगर होता, ताड होता, आणि ताडाच्या वसई अंगाला, बोटभर अंतरावर, देवळाचा क्रूस होता. तिच्या भिंतीवरचं चित्र, रेघ न् रेघ. क्रूस डाव्या हाताला होता, आणि वसईही डाव्या हाताला होती. इनासने डावा हात लांब केला आणि एक बोट उभं धरलं. होडी पुढे चालली तसा मनोरा ताडाकडे सरकला, ताड त्याच्या आड गेला, आणि मग मनोरा ताडाच्या दुसऱ्या बाजूला, गोराई अंगाला, आला. तिथे कुठेतरी पास्कूची कव. इनासने बोट खाली केलं.

"वसई," तो म्हणाला.

"येतेय हो, बाबा," होडीवाला मागून म्हणाला. "थोडं राहिलं."

 पलीकडे सेलीनने मेणबत्ती लावली, त्याच्या कपाळाला तीर्थ लावलं, आणि येताना ती किनाऱ्याकडे पाठ करून बसली.

त्याच नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, पायस लुईसच्या नावाने मेणबत्ती लावायला गावात आला. लुईसची कबर नव्हती. देवळाच्या भिंतीशी लावायची. मग घरी आला. मिठाने त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या. चहा पिताना तो भिंतीकडे पाहत राहिला, जिथे चुन्याखाली सावली दिसत होती.

"मी लई विचार केला, काकी," तो म्हणाला. "मी काय चुकीचं वाचलं का म्हणून. झोप यायची न्हाय. मग वाटतं, काकाचं डोकं तेव्हाच गेलेलं. काय काढलं ते त्यालाच ठाव नसणार. न्हाय का?"

खाटेवर इनास जागा होता. त्याने सेलीनकडे पाहिलं. ती त्या होडीत होती; बोटाच्या कोणत्या बाजूला काय होतं ते तिने पाहिलं होतं. सगळ्या उत्तनमध्ये आता दोघांना ते ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला बोलता येत होतं.

सेलीनने पायसच्या पायांकडे पाहिलं.

"गेलंच होतं त्याचं डोकं," ती म्हणाली. "तुझं काय चुकलं न्हाय. चहा घे अजून."

"वसई," इनास म्हणाला.

"तहान लागली वाटतं काकाला," पायस म्हणाला, आणि उठून पाण्याचा पेला घेऊन आला.